पहिलं नको

चंद्रव्वाच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला आपल्या मर्जीनं ताटावरून उठता येत नसे. अक्कलकोटकडचे पाहुणे ताटावर दोन्ही हात आडवे धरून 'ब्याड, ब्याड' म्हणायचे. वैरागकडचे 'नको, नको' म्हणायचे. मंगळवेढ्याकडचे 'नगं, नगं'. चंद्रव्वाला या सगळ्या बोल्या कळत होत्या, आणि तिच्या लेखी सगळ्यांचा अर्थ एकच होता : वाढ. बोटांच्या फटीतून ती शेंगापोळी अशी सरकवायची की पाहुण्याच्या ध्यानात येईतो वर तुपाची धारही पडलेली असायची.

"हिच्या हातनं सुटायचं तर माणसाला फिट तरी यायला पाहिजे," तिचे यजमान शंकरप्पा म्हणायचे. मार्केट यार्डात त्यांचं डाळीचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घरी आल्यावर ते एवढंच एक वाक्य बोलायचे आणि तेही बायकोच्या आग्रहाबद्दल.

चंद्रव्वाकडे त्याला सासूनं शिकवलेलं उत्तर तयार असायचं. "पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं. तिसऱ्यांदा म्हणालं तर समजायचं, पोटातनं आलं. तोवर वाढणाऱ्यानं हात थांबवायचा नसतो."

अशा या बाईच्या छातीत गेल्या दिवाळीनंतर गाठ निघाली.

गाठ कापून काढली आणि पुढं किमोचे डोस ठरले. थोरल्या मुलानं, श्रीशैलनं, चार ठिकाणी चौकशी करून दवाखाना निवडला. वरच्या मजल्यावर पैसे भरणाऱ्यांच्या खोल्या होत्या, खाली सरकारी योजनेतल्या पेशंटांचा लांबलचक हॉल. डॉक्टरबाई दोन्हीकडे एकच. औषधही एकच. बाटली तीच, नळी तीच, शिरेत उतरताना दिसणारा लाल रंगही तोच.

डॉक्टरबाई वर यायच्या त्या स्टूल ओढून चंद्रव्वाच्या उशाशी बसायच्या. झोप लागते का आजी, तोंड आलंय का, पोट साफ होतं का, पायाला मुंग्या येतात का. पहिल्या डोसनंतर चंद्रव्वाचं तोंड आलं तेव्हा गुळण्यांचं औषध दिलं, लावायला मलम दिलं, तिखट बंद करून काय काय खायचं ते सून महेश्वरीला बाजूला घेऊन समजावलं. "आणि हे बघा, ताप आला की वाट बघायची नाही. गोळी घालून उतरवायचा नाही. रात्र असो, पहाट असो, आधी फोन." तो नंबर महेश्वरीनं फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. चंद्रव्वाला वाटायचं, बाई मोठी मायाळू आहे. सगळ्यांशीच अशी बोलत असेल.

गोजाबाईची ओळख झाली ती रक्त तपासायच्या खोलीबाहेर. तिथं मात्र वरच्यांना आणि खालच्यांना एकाच रांगेत बसावं लागे. बाकडं अर्धं रिकामं होतं आणि ही बाई खाली फरशीवर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पन्नाशीची असेल. शेजारी उभा असलेला तरणा मुलगा, बिभीषण, फाइल छातीशी धरून होता.

"वर बस की," चंद्रव्वा म्हणाली.

"नगं अव्वा, हितं गार लागतंय." श्रीशैलनं आईला मारलेली हाक ऐकून तिनंही अव्वाच म्हटलं.

"अगं, बस."

"नगं नगं. लुगडं मळकं हाय माजं."

"बस म्हणते ना मी!"

गोजाबाई हसत वर बसली. मग चंद्रव्वानं डबा उघडला. रक्त दिल्यावर खायला म्हणून महेश्वरी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बांधून देत असे. पुन्हा तेच झालं. नगं म्हणाली, नगं म्हणाली आणि मग भाकरीचा अख्खा पापुद्रा कडाकडा खाल्ला.

"कुटनं शिकलाव एवढी जबरदस्ती?" गोजाबाईनं विचारलं.

"सासूकडनं."

"आमची सासू ताटातली भाकर उचलून घ्यायची. तुमची बरी हुती."

दोघी हसल्या. दोघींना एकच आजार, एकाच आठवड्यात डोस सुरू झालेले. गोजाबाईचं गाव मंगळवेढ्याच्या पुढं. नवरा कोंडीबा मेंढरांमागं रानोमाळ. बिभीषण कामाचा खाडा करून आईला एसटीनं आणायचा. डोक्यावरचा पदर जरा सरकवून तिनं चंद्रव्वाला टक्कल दाखवलं आणि म्हणाली, "आमी जल्मभर मेंढरं कातरली. आता द्येवानं आमालाच कातरलं."

चंद्रव्वानं आपल्या डोक्यावरचा रुमाल सोडून आपलंही दाखवलं. रांगेतल्या बाया बघतच राहिल्या.

पुढच्या खेपेला चंद्रव्वानं मुद्दाम जास्तीची भाकरी आणली. गोजाबाईनं ती मोडली, बारीक बारीक तुकडे केले आणि पदराच्या टोकात बांधले. "नातीला नेतो. राजनंदिनीला लई आवडती कडक भाकर." चहा आला तो तिनं एवढा वेळ धरून ठेवला की वर साय धरली, आणि मग एका गालानं सावकाश गिळला. चंद्रव्वाचं तोंड त्या आठवड्यात मलमानं बरं झालेलं होतं. आपण असाच चहा कधी प्यायलो होतो, हे तिच्या मनात येऊन गेलं. येऊन गेलं आणि राहून गेलं.

त्यानंतरच्या खेपेला उन्हाळा चांगलाच पेटला होता.

त्या दिवशी संध्याकाळी घरी बारसं होतं. श्रीशैलची धाकटी बहीण बाळंतपणाला आली होती आणि तिला मुलगी झाली होती. किमोची तारीख आणि बारशाचा दिवस एकच आला. दुसरा दिवस धरू या असं महेश्वरी म्हणत होती, पण चंद्रव्वानंच ऐकलं नाही. "सकाळी लवकर गेले तर दुपारपर्यंत सुटते. माझ्या आजारापायी लेकराचं नाव का थांबायचं?"

तर ती सकाळीच येऊन रक्त तपासायच्या रांगेत बसली. गोजाबाई आज पुन्हा फरशीवर, भिंतीला टेकून.

"वर ये गं," म्हणून चंद्रव्वानं तिचा हात धरला आणि दचकली. "हात केवढा तापलाय तुझा!"

"उनातनं आलो न्हवं का."

चंद्रव्वानं कपाळाला हात लावला. "ऊन कसलं? ताप आहे हा, गोजा."

"दोन राती झालं, येतुया जातुया. बिभीषणानं मगाशीच गोळी दिलीया. उतरंल आता."

"गोळी घालून उतरवायचा नसतो. थांब, मी सांगते डॉक्टरबाईंना."

"नगं अव्वा. सांगू नगा." गोजाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "ताप म्हणलं की डोस देत न्हाईत, माघारी धाडत्यात. पुना यायचं म्हंजी पोराचा पुना खाडा. त्यो काय बोलत न्हाय, पर मला दिसतंय की."

एवढं बोलून ती चंद्रव्वाच्या तोंडाकडं बघत राहिली. नजर काढून घेतली नाही. चंद्रव्वाच्या ते लक्षात आलं. पण त्याच वेळी भिंतीवरचं घड्याळही तिच्या डोळ्यांत भरलं.

"बरं," ती म्हणाली.

गोजाबाईनं मान खाली घातली. आत बोलावलं तेव्हा गोळीनं ताप उतरला होता. थर्मामीटरनं काही सांगितलं नाही, आणि रक्तही जेमतेम चालण्यासारखं निघालं.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरचा एसी बंद पडला होता. म्हणून चंद्रव्वालाही खालच्याच हॉलमध्ये खाट दिली, आणि ती नेमकी गोजाबाईच्या शेजारची. सिस्टरनं चंद्रव्वाभोवती हिरवा पडदा ओढून घेतला, पण पायाकडचा भाग उघडा राहिला.

डॉक्टरबाई आल्या. हॉल गच्च भरलेला. त्या गोजाबाईच्या पायथ्याशी थांबल्या, फाइल चाळली.

"काय मावशी, औषध सोसतंय ना?"

"सोसतंय की," गोजाबाई म्हणाली.

"छान." फाइल मिटली. सिस्टरला डोस लावायची खूण झाली.

मग त्या पडद्याच्या आत आल्या. स्टूल ओढलं, चंद्रव्वाचा हात हातात घेतला. "आज खाली आणावं लागलं आजी, माफ करा. तोंड कसं आहे? झोप? पाय जळजळतात का अजून?" चंद्रव्वा एकेकाचं उत्तर देत होती आणि तिचं अर्धं लक्ष पलीकडच्या खाटेवर होतं. हे सगळे प्रश्न तिकडं कुणी विचारले नव्हते. ती खाट हाताच्या अंतरावर होती. हिरव्या कापडाएवढंच काय ते मध्ये होतं.

"अजून काही सांगायचंय, आजी?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

चंद्रव्वानं तोंड उघडलं. आता तापाचं सांगितलं तर काय होईल ते तिला लख्ख दिसलं. डॉक्टरबाई उठून तिकडं जातील. पुन्हा तपासण्या, धावपळ, सिस्टर तिकडं अडकतील. आपली बाटली लटकत राहील. पाळणा सजलेला, आत्या बसलेली, शेजारणी जमलेल्या, आणि आजीचा पत्ता नाही.

"चारच्या आत सुटेन ना मी?" ती म्हणाली. "नातीचं बारसं आहे आज."

"अरे वा! सोडू की. सिस्टर, आजींचं आधी लावा."

आजींचं आधी लागलं. निघताना तिनं पडदा सारून पाहिलं. गोजाबाई डोळे मिटून पडली होती. लाल औषध थेंबथेंब उतरत होतं. बिभीषण पायथ्याशी उभा होता. त्याला बसायला काही नव्हतं.

बारसं थाटात झालं. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव ठेवलं सिद्धेश्वरी. पंगत बसली. सगळे नको म्हणत असताना चंद्रव्वा रुमाल बांधलेल्या डोक्यानं हातात शेंगापोळ्यांचं ताट घेऊन उभी राहिली. शेजारच्या बसव्वानं ताटावर हात आडवा धरला. "ब्याड अव्वा, साकु. पुरे झालं."

चंद्रव्वाचा हात हवेतच राहिला.

बसव्वा वाट बघत होती. बोटांत फट तिनं आधीच ठेवली होती. पोळी काही आली नाही. तिनं वर पाहिलं. चंद्रव्वा तिच्याकडं बघत होती, पण तिच्या डोळ्यांत दुसरीच बाई होती. भिंतीला टेकलेली, 'सांगू नगा' म्हणून झाल्यावरही नजर न काढणारी.

"अव्वा, थकलात. बसा बघू," म्हणत महेश्वरीनं ताट काढून घेतलं.

"आज फिट कुणाला आली?" शंकरप्पा म्हणाले. पंगत हसली.

त्यांना तिनं गोजाबाईच्या तापाचं दोन दिवसांनी सांगितलं. शंकरप्पांनी नीट ऐकून घेतलं. "तिनंच सांगू नको म्हटलं ना? मग तू शब्द पाळलास. यात तुझं काय चुकलं?" श्रीशैल म्हणाला, "अव्वा, तिचा मुलगा सोबत होता की. ते त्यांचं बघतील." महेश्वरी म्हणाली, "तुम्ही स्वतः आजारी, तुम्ही कुणाकुणाचं बघणार?" सगळ्यांनी तिला सोडवलं. शब्द पाळला, हे तर खरंच होतं. पण कुणी सोडवलं की चंद्रव्वाला ते जास्तच लागायचं. बारशाचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घड्याळाचं सांगितलं नव्हतं. उष्टं ताट झाकून ठेवावं तसं ते झाकून ठेवलं होतं, आणि वास तिला एकटीलाच येत होता.

गोजाबाईचा फोन नंबर तिच्याकडं नव्हता. कधी विचारलाच नव्हता. विचारायचं होतं, पण डोळे मिटून पडलेल्या बाईला उठवून कसं विचारणार, असं तिनं स्वतःला समजावलं.

पुढच्या डोसच्या दिवशी ती डब्यात ज्वारीची आंबील घेऊन आली. पातळ, गार, मीठ-ताकाची. आपलं तोंड आलं होतं तेव्हा हीच एक गोष्ट गिळवत होती. बाकड्यावर गोजाबाई नव्हती. फरशीवरही नव्हती.

"ती मंगळवेढ्याकडची?" रक्त घेणारी सिस्टर म्हणाली. "ती आत वॉर्डात आहे. गेल्या डोसनंतर ताप चढला. घरीच पडून होती बरेच दिवस. आणली तेव्हा शुद्ध नव्हती धड. आता जरा बरी आहे."

चंद्रव्वा उठली. श्रीशैल गाडी लावायला गेला होता. तिनं कुणाला विचारलं नाही.

वॉर्ड हॉलच्या मागं होता. खिडकीशेजारच्या खाटेवर गोजाबाई होती. हिरव्या लुगड्याच्या घडीत मावेल एवढीच बाई उरली होती. ओठ फुटून काळे पडले होते. तिनं चंद्रव्वाला ओळखलं आणि ओठ न हलवता हसली.

"आलाव अव्वा." आवाज घशातल्या घशात. "बिभीषणा, भाकरवाल्या अव्वा आल्या बग."

बिभीषणानं वाकून पायाला हात लावला. चंद्रव्वा मागं सरली. पाया पडून घेण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

"लई उपकार झालं तुमचं," गोजाबाई म्हणाली. "सांगू नगा म्हणलं, तर न्हाईच सांगितलं. मानूस सबुदाला पक्कं."

यापेक्षा तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चंद्रव्वा डब्याचं झाकण उघडत-लावत उभी राहिली. कसं आहे, म्हणून विचारणार तेवढ्यात डॉक्टरबाई आत आल्या. चालता चालता एकेका खाटेशी थांबत त्या इथवर पोचल्या.

"काय मावशी, आज बरं ना? सोसतंय ना सगळं?"

"सोसतंय की."

"छान." आणि मग त्यांचं लक्ष चंद्रव्वाकडं गेलं. "आजी! तुम्ही इथं कशा? डोसच्या दिवशी वॉर्डात यायचं नसतं, तुम्हालाच कसलीतरी लागण होईल. तोंडाला मास्क तरी लावा. सिस्टर, आजींना खुर्ची द्या आधी."

सिस्टर धावली. कुठूनशी खुर्ची आली. अख्ख्या वॉर्डात ती एकच खुर्ची होती, आणि बिभीषण तिच्या वाटेतून बाजूला झाला.

चंद्रव्वा बसली नाही.

"मला नको खुर्ची. तुम्ही बसा," ती म्हणाली. "वर माझ्याजवळ बसता तशा हिच्याजवळ बसा."

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. बाई वाईट नव्हती. डोळ्यांखाली काळं आलेलं, सकाळपासून पाणीही प्यायली नसावी. "आजी, मला हा सगळा वॉर्ड बघायचाय. विचारलं ना मी तिला. सोसतंय म्हणाली."

"ती सोसतंय म्हणते म्हणजे ती सोसते. तिला औषध सोसतंय असं ती कधी म्हणाली?"

डॉक्टरबाई थांबल्या. "म्हणजे?"

"तिच्या तोंडात बघा. चहा थंड करून एका गालानं पिते ती. कडक भाकरी पदरात बांधून नेते आणि नातीचं नाव सांगते. माझं तोंड आलं तेव्हा तुम्ही मला मलम दिलं, गुळण्या दिल्या. हिला कुणी विचारलं?"

"अव्वा, ऱ्हाऊ द्या की," गोजाबाई कळवळून म्हणाली. "डाक्टरीणबाईस्नी कशापायी..."

डॉक्टरबाईंनी खिशातली बॅटरी काढली. "आ करा मावशी." गोजाबाईनं तोंड उघडलं. उघडताना ओठाला रक्त आलं. डॉक्टरबाई बराच वेळ आत बघत राहिल्या, मग त्या खुर्चीत बसल्या.

"हे कधीपासून आहे?"

"दुसऱ्या डोसापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

"औषीद म्हणल्यावर एवढं व्हायचंच, म्हणलं."

"आणि ताप? घरी गेल्यावर आला?"

गोजाबाईनं चंद्रव्वाकडं पाहिलं. चंद्रव्वाला कळलं, ही आत्तासुद्धा आपल्याला सांभाळून घेते आहे.

"ताप डोसच्या आधीच होता," चंद्रव्वा म्हणाली. "त्या दिवशी सकाळी. मी कपाळाला हात लावून बघितला होता. मला माहीत होतं."

डॉक्टरबाईंनी मान वर केली. "मी तुम्हाला विचारलं होतं त्या दिवशी. अजून काही सांगायचंय का म्हणून."

"होय."

"मीच नगं म्हणलो हुतो त्यास्नी," गोजाबाई घाईनं म्हणाली. "त्येंचा काय दोस न्हाय."

इथं थांबता आलं असतं. हिनंही सोडवलं होतं. चंद्रव्वानं डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"तिच्या शब्दासाठी नाही थांबले मी," ती म्हणाली. "मला बारशाला पोचायचं होतं. तुम्ही हिच्यात अडकला असता तर मला उशीर झाला असता. म्हणून गप्प बसले."

डॉक्टरबाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं, सिस्टरला मलमाचं आणि गुळण्यांचं सांगितलं, नळीतून द्यायचं एक औषध वाढवलं. पुढचा डोस कधी, म्हणून बिभीषणानं विचारलं तर म्हणाल्या, "आधी तब्येत सुधारू दे. लांबणार हे नक्की. देता येईल का, ते मग बघू." उठताना त्यांनी खुर्ची खाटेजवळच ठेवली आणि शेजारच्या खाटेशी गेल्या. तिथं त्यांनी विचारलं, "औषध सोस..." आणि तो शब्द अर्धाच सोडला. "तोंड आलंय का तुमचं?" असं विचारलं.

गोजाबाईनं तोंड खिडकीकडं केलं होतं. बाहेर उन्हात दवाखान्याच्या चादरी वाळत होत्या. चंद्रव्वा वाट बघत उभी राहिली. शिवी येईल, रडणं येईल, जे येईल ते.

"नाव काय ठिवलं?" गोजाबाईनं खिडकीकडं बघतच विचारलं.

"कुणाचं?"

"नातीचं तुमच्या."

"सिद्धेश्वरी."

"गोड हाय." मग ती तशीच, मान न वळवता म्हणाली, "भाकरीला तीनदा म्हणता अव्वा तुमी. म्या नगं म्हणलं की पुना म्हणता, पुना नगं म्हणलं की वरडता. त्या दिशी मला वाटलं, अजून एकदा म्हणाल." तिनं ओठावरचं रक्त पदरानं टिपलं. "म्या वाट बघितली जरा."

चंद्रव्वा खुर्चीत बसली. पहिलं नको लाजेचं, हे तिनं सगळ्या पेठेला शिकवलं होतं. तिच्या दारात आलेल्या कुणाचंच पहिलं नको तिनं खरं मानलं नव्हतं. या एका बाईचं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

बिभीषण गुळण्यांचं औषध आणायला गेला. चंद्रव्वानं डबा उघडला, चमच्यात आंबील घेतली. "गार आहे. मीठ कमी घातलंय. घे एवढी."

"नगं," गोजाबाई म्हणाली.

चमचा मध्येच थांबला. जन्मभर ज्या शब्दाचा अर्थ हातालाच कळायचा, तो आता तिला कळेना. हे लाजेचं, का रीतीचं, का पोटातलं? म्हणून तिनं सरळ विचारलं. "खरंच नको, का अजून एकदा म्हणू?"

गोजाबाईनं मान वळवली. डोळे ओले होते, पण त्यांत थोडं जुनं हसूही होतं. "खरंच नगं. जळतंय तोंड. मलम लावल्यावर बघू."

"बरं. मी बसते तोवर."

तेवढ्यात दारातून वरच्या मजल्यावरची सिस्टर आत आली. "आजी! कुठं कुठं शोधलं तुम्हाला! तुमची खाट तयार आहे, एसी चालू झालाय. चला."

"नको गं. थांबते थोडी इथं."

"असं कसं? औषध काढून ठेवलंय. चला बघू."

"नको म्हणते ना."

"नको काय आजी! तुमचे चिरंजीव वर वाट बघतायत, काळजी करतायत. उठा, मी धरते." तिनं मायेनं चंद्रव्वाच्या काखेत हात घातला. तोवर श्रीशैलही आला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं. "अव्वा, ऐक ना."

चंद्रव्वा तिसऱ्यांदा नको म्हणाली. ते खरोखर पोटातून आलं होतं. पण तिचं नको तिथं कुणी ऐकत नव्हतं. दोघांनी तिला अलगद उठवलं आणि चालवत नेलं.

दारातून तिनं मागं वळून पाहिलं. आंबिलीचा डबा खाटेवर उघडाच राहिला होता. खुर्ची रिकामी होती. गोजाबाई त्या खुर्चीकडं बघत होती.